टी-मोबाइलमध्ये आतलेच लोक रोज शेअर विकतायत, मग आपण का धरून बसायचं?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे टी-मोबाइल या अमेरिकन मोबाइल कंपनीचे थोडे शेअर आहेत. मुद्दाम घेतलेले नाहीत, स्प्रिंट या दुसऱ्या मोबाइल कंपनीचे हजार शेअर कधीतरी स्वस्त दिसले म्हणून उचलले होते, २०२० च्या एप्रिलमध्ये स्प्रिंट टी-मोबाइलमध्ये विलीन झाली आणि त्या हजाराचे १०२ शेअर आणि वर थोडी चिल्लर रोख असं हातात आलं. तेव्हापासून पडून आहेत, चांगले वाढलेत, तक्रार नाही. पण २०२५ च्या उन्हाळ्यात ब्रोकरच्या अ‍ॅपवर अलर्ट लावून घेतला आणि झोप उडाली. 'इनसायडरने टी-मोबाइलचे इतके शेअर विकले', दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत तेच. दर वेळी सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे दिवसाला दीड कोटी डॉलरच्या वर! आतल्या गोटातली माणसं रोज पोती भरभरून बाहेर काढतायत आणि मी इथे पाय पसरून बसलोय असं वाटायला लागलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा, हे जहाज बुडायच्या आधी उड्या मारणं आहे का?

तिरपागडा
विकून टाका आणि शांत झोपा. आतल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, यात अजून काय समजावून सांगायचं.

ढब्बू_पैसा
अहो तिरपागडा, थांबा जरा, साप म्हणून भुई धोपटू नका. रात्रपाळी, त्या अलर्टमध्ये विकणाऱ्याचं नाव काय होतं ते वाचलंत का? मी सांगतो, डॉइशे टेलिकॉम. माणूस नाहीच तो, जर्मनीतली मूळ कंपनी आहे, टी-मोबाइलची निम्म्याहून थोडी जास्त मालकी तिच्याकडे आहे. अमेरिकेतल्या कायद्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त शेअर असले की तोही 'इनसायडर'च धरला जातो, मग तो खुर्चीवरचा सीईओ असो नाहीतर अख्खी कंपनी. अलर्ट बनवणाऱ्या यंत्राला त्यातला फरक कळत नाही, ते सगळ्यांना एकाच माळेत ओवतं.

रात्रपाळी
नाव वाचलं होतं पण मला वाटलं आडनाव असेल कुणाचं तरी 😀 लाज वाटतेय सांगायला.

निवांत_काकू
खिक्! लाज कसली, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलेलं.
बरं मग मूळ मालकच का विकतोय, हा प्रश्न उरतोच की. घर चांगलं असेल तर मालक कशाला खोल्या विकेल?

ढब्बू_पैसा
काकू, चांगला प्रश्न, जरा लांब उत्तर देतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

विलीनीकरण झालं तेव्हा डॉइशेकडे साधारण ४३ टक्के होते आणि जपानच्या सॉफ्टबँकेकडे २४ च्या आसपास, कारण स्प्रिंट सॉफ्टबँकेची होती. डॉइशेला हवी होती ५० च्या वरची मालकी, त्यासाठी त्यांनी सॉफ्टबँकेकडून हप्त्याहप्त्यानं शेअर घेतले, काहींच्या बदल्यात तर रोख न देता स्वतःचे शेअर दिले. इकडे टी-मोबाइलनं २०२२ च्या सप्टेंबरात पहिलं बायबॅक जाहीर केलं, १४ अब्ज डॉलरपर्यंतचं. आता बायबॅकमध्ये काय होतं, कंपनी बाजारातून स्वतःचे शेअर उचलते आणि रद्द करते, एकूण शेअर कमी होतात आणि जो गप्प बसलाय त्याचा टक्का आपोआप वर जातो. २०२० च्या शेवटी १२४ कोटींच्या घरात शेअर होते, २०२५ च्या मध्याला ११३ कोटींच्या आसपास. २०२३ च्या एप्रिलमध्ये डॉइशेनं ५० चा उंबरठा ओलांडला आणि तसं जाहीरही केलं.

म्हणजे आता गंमत बघा, त्यांनी काहीच केलं नाही तरी टक्का चढतच राहणार. मग चढलेला वरचा थर थोडा थोडा विकून रोकड घरी न्यायची आणि पन्नाशीच्या वर राहायचं, एवढा साधा हिशोब आहे. तुम्ही म्हणता ते रोजचे सत्तर हजार वर्षभर न चुकता विकले, बाजार वर्षात अडीचशे दिवस चालू असतो असं धरा, तर पावणेदोन कोटी शेअर होतात. कंपनीच्या दीड टक्का. त्यांच्या स्वतःच्या ढिगातले तीनेक टक्के. जहाजातून उडी मारणारा माणूस रोज एक बोट पाण्यात बुडवून बघत नाही हो.

निवांत_काकू
हे शेवटचं वाक्य आवडलं. आता कळलं.

वळणदार
माहितीपूर्ण प्रतिसाद ढब्बू. एक भर घालते. रोज सारखाच आकडा दिसतोय यावरूनच ओळखायचं की हे आधी ठरवून ठेवलेलं आहे. त्याला १०बी५-१ प्लॅन म्हणतात. आज लिहून द्यायचं की अमुक तारखेपासून अमुक इतके शेअर विकत जा, मग ब्रोकर मशीनसारखा विकत राहतो, मधे कंपनीत काहीही घडो. ज्या दिवशी प्लॅन केला त्या दिवशी तुमच्याकडे दडलेली बातमी नव्हती ना, एवढंच मग बघितलं जातं.

मी ज्या कंपनीत आहे (नाव नको, लिस्टेड आहे, टेलिकॉम नाही) तिथे आमच्या टीमला तिमाही निकाल जवळ आले की शेअरला हातच लावता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मला मुलीच्या कॉलेजची फी भरायला थोडे विकायचे होते, नेमकी खिडकी बंद, आणि उघडली त्याच आठवड्यात कंपनीनं कुठलीशी डील चालू आहे म्हणून परत बंद केली, का ते सांगतही नाहीत, कारण सांगितलं तर तीच आतली बातमी! शेवटी कर्ज काढलं. त्यानंतर शहाणपण आलं आणि मीही प्लॅन करून टाकला. आता माझी विक्री होते तेव्हा मला ईमेल येतो, मी मीटिंगमध्ये असते. माझ्या विक्रीवरून कुणी कंपनीचं भविष्य सांगायला लागलं तर मला हसूच येईल.

तिरपागडा
हे सगळं ऐकायला गोड आहे पण प्लॅनच्या आडून पण लोक खेळतात. आज प्लॅन, पुढच्या आठवड्यात विक्री, त्याच्या पुढच्या आठवड्यात निकाल वाईट. तुम्ही सगळे फार भोळे आहात.

वळणदार
तिरपागडा, हा मुद्दा मात्र खरा आहे, आणि म्हणूनच नियम आवळले. २०२३ च्या २७ फेब्रुवारीपासून संचालक आणि अधिकाऱ्यांना प्लॅन केल्यावर निदान ९० दिवस थांबावं लागतं, त्या तिमाहीचे निकाल सादर व्हायला उशीर झाला तर अजून थोडं, पण जास्तीत जास्त १२०. आणि त्याच वर्षी एप्रिलपासून फॉर्म ४ वर एक चौकोन आला, विक्री प्लॅनखाली असेल तर तिथे खूण करायची. तुम्ही म्हणता तो आज प्लॅन उद्या विक्रीचा खेळ आता एवढा सोपा राहिलेला नाही.

तिरपागडा
एवढा सोपा नाही, पण अशक्यही नाही. असो.

उगाच_एक
फॉर्म ४ म्हणजे काय ते कुणी नीट सांगेल का? मी एकदा उघडला होता, डोकं गरगरलं. सगळीकडे नुसते ए आणि डी.

ढब्बू_पैसा
हा हा, ए आणि डी नं सगळ्यांनाच फसवलंय. बसा, एकदा समजून घ्या, आयुष्यभर पुरेल.

इनसायडरनं शेअरचा व्यवहार केला की तो कळवायला भरायचा हा फॉर्म. अमेरिकेच्या एसईसीच्या (आपल्या सेबीसारखी) एडगर साइटवर फुकट मिळतो. वर डावीकडे विकणाऱ्याचं नाव, मधे कंपनीचं नाव, उजवीकडे तो कोण आहे त्याचे चौकोन: संचालक, अधिकारी, १० टक्केवाला. हे आधी बघायचं. मग खाली पहिला तक्ता. त्यात तारीख, मग कोड, मग किती शेअर, मग त्याच्या शेजारी ए किंवा डी, मग भाव, मग व्यवहारानंतर हातात किती उरले, आणि त्याच्या शेजारी परत डी किंवा आय.

आता गोंधळ असा की आकड्याशेजारचा डी म्हणजे डिस्पोज्ड, हातातून गेले. आणि उरलेल्या शेअरांच्या शेजारचा डी म्हणजे डायरेक्ट, स्वतःच्या नावावर. एकाच ओळीत एकच अक्षर, दोन अर्थ. आय म्हणजे दुसऱ्या कुणामार्फत, बायकोच्या, ट्रस्टच्या नाहीतर उपकंपनीच्या नावावर. डॉइशेच्या फॉर्ममध्ये हेच दिसेल, कारण त्यांचे शेअर डॉइशे टेलिकॉम होल्डिंग बीव्ही नावाच्या उपकंपनीमार्फत आहेत. ए चं पण तसंच, कोडच्या रकान्यात ए असेल तर कंपनीनं शेअर बक्षीस दिले, आणि आकड्याशेजारी ए असेल तर नुसतं हातात आले.

खरा जीव कोडमध्ये. एस म्हणजे बाजारात विकले. पी म्हणजे स्वतःच्या खिशातून बाजारात विकत घेतले, हा दुर्मीळ, हा दिसला की मी चष्मा लावून वाचतो. जी म्हणजे भेट दिले. एम म्हणजे ऑप्शन (ठरल्या भावात शेअर घ्यायचा हक्क) वगैरे वापरून शेअर करून घेतले. आणि एफ म्हणजे... रात्रपाळी, हे तुमच्यासाठी, एफ म्हणजे पगारात मिळालेले शेअर हातात पडताना टॅक्सपोटी कंपनीनं परस्पर कापून घेतले. समजा हजार शेअर मिळायचे होते, चारशे कापले, सहाशे हातात. माणसानं काहीही विकलेलं नाही. पण अलर्टवाले त्या चारशेलाही 'विकले' म्हणून छापतात!

आणि तक्त्याखालच्या तळटिपा वाचल्याशिवाय फॉर्म बंद करायचा नाही. प्लॅन कुठल्या तारखेला केला ते तिथेच लिहिलेलं असतं. भाव एकच आकडा दिसतो तो बहुतेक वेळा सरासरी असतो, खरी रेंज तळटिपेत.

उगाच_एक
दंडवत घ्या काका 🙏 प्रिंट काढून ठेवतो.

घाटावरचा
हे सगळं किती दिवसांत भरावं लागतं? आणि आपल्याकडे असं काही आहे का?

ढब्बू_पैसा
दोन कामाचे दिवस. रात्री १० पर्यंत भरता येतो (न्यूयॉर्कची वेळ), म्हणून बातम्या बऱ्याचदा रात्री उशिरा नाहीतर दुसऱ्या सकाळी दिसतात. भारतात सेबीचे २०१५ चे नियम आहेत, एका तिमाहीत १० लाखांच्या वर व्यवहार गेला की दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं, कंपनीनं पुढच्या दोन दिवसांत एक्स्चेंजला. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत खिडकी बंद. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको, सरमिसळ होईल.

खडूस_आजोबा
मी १९९० पासून अमेरिकेत टेलिकॉममध्येच नोकरी केली, आता निवृत्त. तुम्हा मुलांना हे दोन दिवस कुठून आले ते सांगतो. पूर्वी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मुदत असायची. म्हणजे साहेबांनी महिन्याच्या एक तारखेला विकले तर जगाला चाळीस दिवसांनी कळायचं. २००२ च्या ऑगस्टअखेरपासून ते दोन दिवस झालं, आणि ते वर्ष आमच्या धंद्याच्या पापाचा घडा भरला त्याचं वर्ष.

वर्ल्डकॉम ही टेलिकॉम कंपनी ऐकलीय का? तिचा सीईओ बर्नी एबर्स. त्याची गोष्ट तुमच्या या धाग्याच्या बरोबर उलटी आहे. त्यानं शेअर विकले म्हणून नाही, विकू नयेत म्हणून घोटाळा! स्वतःचे शेअर गहाण टाकून बँकांची कर्जं उचलली, शेअर पडायला लागला तशी बँका पैसे मागायला लागल्या, आणि कंपनीनंच त्याला कर्ज आणि हमी मिळून ४० कोटी डॉलरच्या वर दिले, कारण त्यानं विकले असते तर भाव अजून आपटला असता. बाहेरच्याला वाटलं असणार, वा, सीईओचा केवढा विश्वास, एक शेअर विकत नाही. २००२ च्या जुलैत दिवाळं. हिशोबात खोटं दाखवल्याबद्दल एबर्सला २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तो 'विश्वास' बघून ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यात माझ्या ऑफिसातले दोघे होते.

आणि दुसरी क्वेस्ट. जोसेफ नाचिओ, सीईओ. २००१ च्या एप्रिल-मेमध्ये ५ कोटी २० लाख डॉलरचे शेअर विकले, आणि खटल्यात सरकारचं म्हणणं असं की वर्षाचं टार्गेट गाठायला कंपनी फायबरची क्षमता एकरकमी विकून आकडे भरतेय, दर महिन्याचं पक्कं उत्पन्न मागे पडतंय, हे त्याला ठाऊक होतं आणि बाहेर मात्र सगळं छान चाललंय असं सांगत होता. त्याचं म्हणणं, मला गुप्त सरकारी कामं मिळणार होती, मी आशेवर होतो. २००७ मध्ये ४२ पैकी १९ आरोपांवर दोषी ठरला, २००९ मध्ये तुरुंगात गेला. ही खरी इनसायडर ट्रेडिंगची केस.

या दोघांत मला दिसलेलं एकच. दोन्हीकडे रोग धंद्यात होता, शेअरची खरेदी-विक्री नंतरची.

निवांत_काकू
अंगावर काटा आला आजोबा. सविस्तर लिहाच कधीतरी.

मध्यमवर्गी
आजोबांना अनुमोदन. मग टी-मोबाइलच्या धंद्यात काय आहे ते बघू की, मी या शेअरवर थोडा अभ्यास केलाय (म्हणजे स्वतःचे पैसे अडकलेत म्हणून).

कानामागून आली आणि तिखट झाली अशी ही कंपनी. डॉइशेनं २००१ मध्ये व्हॉइसस्ट्रीम विकत घेतली, तीच पुढे टी-मोबाइल. दहा वर्षांनी जर्मन इतके वैतागले होते की २०११ मध्ये एटी अँड टीला ३९ अब्ज डॉलरला विकायला निघाले. सरकारच्या न्याय खात्यानं दावा ठोकला, डिसेंबरात सौदा मोडला, आणि मोडल्याबद्दल एटी अँड टीला ३ अब्ज रोख द्यावे लागले, वर स्पेक्ट्रम (मोबाइलच्या लहरी वापरायचे हक्क). म्हणजे लग्न मोडलं आणि हुंडा मात्र मिळाला! तोच स्पेक्ट्रम घेऊन २०१३ पासून जॉन लेजेर नावाच्या गुलाबी टी-शर्टवाल्या सीईओनं दोन वर्षांचे करार काढून टाकले आणि मोठ्या दोघांची (एटी अँड टी आणि व्हेरायझन) गिऱ्हाइकं पळवायला सुरुवात केली. त्याच वर्षी मेट्रोपीसीएसशी विलीन होऊन शेअर बाजारात आली.

पण माझ्या मते खरा खजिना स्प्रिंटमधून आला. लोक म्हणायचे बुडती कंपनी कशाला घेताय. स्प्रिंटकडे २.५ गिगाहर्ट्झचा मिडबँड स्पेक्ट्रम ढिगानं पडून होता, फाइव्हजीला सगळ्यात सोयीचा, लांब पण जातो आणि स्पीड पण देतो. २०२१ मध्ये सी-बँडचा (तोही मिडबँडच) लिलाव झाला तेव्हा व्हेरायझननं ४५ अब्ज डॉलरच्या वर ओतले, एटी अँड टीनं २३ अब्ज, आणि टी-मोबाइलनं ९ च्या आसपास, कारण घरात आधीच होता ना! ते दोघे त्यानंतर कर्ज फेडत बसले आणि ही बाई पुढे निघून गेली.

२०२४ ची एकूण कमाई ८१ अब्ज डॉलरच्या वर, निव्वळ नफा ११ अब्जांच्या वर. मुख्य पैसा पोस्टपेड फोनमधून. त्याशिवाय टॉवरवरची उरलेली क्षमता घरच्या इंटरनेटला विकतात, २०२४ अखेर ६४ लाख घरं. डिव्हिडंड तर २०२३ पर्यंत देतच नव्हते, तेव्हा तिमाहीला ६५ सेंट सुरू झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूएस सेल्युलरचा मोबाइलचा धंदा घेतला, त्याआधी फायबरसाठी ल्युमोस आणि मेट्रोनेटमध्ये भागीदारी.

मला काळजी विक्रीची नाही, या फायबरची आहे. इतकी वर्षं हवेतून धंदा केला, आता रस्ते खणायचे. ते काम वेगळं, पैसा वेगळा, धीर वेगळा. आणि सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचा आकडा, २०२४ मध्ये महिन्याला टक्क्याच्या खाली होता पोस्टपेड फोनमध्ये, तो वर सरकायला लागला की मी फॉर्म ४ ची वाट बघणार नाही.

तिरपागडा
हे पटलं. पण सॉफ्टबँकेनं २०२५ च्या जूनमध्ये ४.८ अब्ज डॉलरचे विकले त्याचं काय? तो तर प्लॅन नव्हता.

मध्यमवर्गी
त्यांना एआयमध्ये पैसे घालायचेत, त्यासाठी हाताशी असलेली जी वस्तू चटकन विकली जाते ती विकतात. घरात सोनं आणि जमीन दोन्ही असलं की आधी सोनं मोडतात, म्हणजे सोनं वाईट असतं का? आणि गंमत म्हणजे याच सॉफ्टबँकेला २०२३ च्या शेवटी ४ कोटी ८७ लाख शेअर फुकट मिळाले होते, कारण विलीनीकरणाच्या करारात अट होती की भाव ठरावीक दिवस १४९.३५ डॉलरच्या वर राहिला तर एवढे द्यायचे. राहिला, दिले. असे शेअर फॉर्मवर 'मिळाले' म्हणून दिसले तरी कुणी विश्वासानं खरेदी केली असं वाचू नका.

वळणदार
अवांतर: २०२५ च्या नोव्हेंबरपासून सीईओ श्रीनी गोपालन आहेत, पूर्वी भारतात एअरटेलमध्ये होते, मग जर्मनीत डॉइशेचा तिथला धंदा बघायचे. म्हणजे मूळ मालकानं आपला माणूस चावी देऊन बसवलाय. घर सोडून जायचं असतं तर असं कुणी करतं का, हा माझा मुद्दा.

तिरपागडा
किंवा हिशोबावर नजर ठेवायला बसवलाय. मी माझा हेका सोडणार नाही 😀 हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

रात्रपाळी
सगळ्यांचे मनापासून आभार, आजोबांचे विशेष. मी काल रात्री पहिल्यांदा एडगर उघडलं. डॉइशेचा फॉर्म शोधला, १० टक्केवाल्या चौकोनात खूण होती, कोड एस, शेवटी आय, तळटिपेत प्लॅनची तारीख, सगळं ढब्बूंनी सांगितलं तसंच. मग जुने अलर्ट एकेक करून उघडत बसलो. फेब्रुवारीत ज्या एका अधिकाऱ्याच्या 'विक्री'नं मी सगळ्यात जास्त घाबरलो होतो आणि बायकोला रात्री उठवून सांगितलं होतं, तो निघाला एफ.

तिला अजून सांगितलेलं नाही.

निवांत_काकू
सांगा आता तरी! 😂

उगाच_एक
काका, कोडच्या रकान्यात जे पण असतो का? आत्ताच एका फॉर्मवर दिसला.

ढब्बू_पैसा
असतो. जे म्हणजे बाकी कशातच न बसणारं, 'इतर'. तिथे तळटीप वाचायलाच लागते, सुटका नाही. लिंक टाका, बघू.